अर्जात ‘कावीळ’ लिहा!

मैत्रिणींनो, एका खोट्या अर्जापासून सुरुवात करते. तो अर्ज मी स्वतः लिहिलेला आहे.

अंबड तालुक्यातल्या एका गावची मुलगी. जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, वसतिगृहात राहणारी. एका संध्याकाळी तिच्या आईचा मला फोन आला. बचत गटाच्या बैठकांमुळे आमची ओळख. आई म्हणाली, “ताई, पोरीला फिट आली म्हणायलेत. देवाचं काही करू का दवाखान्याचं करू? तुम्हीच सांगा.”

मी वसतिगृहावर पोहोचले तेव्हा कळले ते असे. पहिल्या वर्षाला असताना मुलीची सोयरीक जमली होती आणि देण्याघेण्यावरून मोडली. गावात बोलणी सुरू झाली. मुलीची झोप उडाली. शेजारच्या एका काकूंनी मायेपोटी आपल्या डब्यातली अर्धी गोळी दिली. झोप लागली. मग मुलीने त्या गोळीचे नाव कागदावर लिहून घेतले आणि शहरातल्या औषधाच्या दुकानातून पाकीट आणले. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही. वर्षभरात अर्ध्याच्या चार झाल्या. गोळी नसेल तर हात थरथरायचे, छाती धडधडायची, वर्गात बसवत नसे. एके दिवशी वसतिगृहाच्या झडतीत पाकिटे सापडली. ती जप्त झाली, मुलीला सगळ्यांसमोर बोलणी बसली, घरी निरोप गेला. तिसऱ्या दिवशी मुलगी स्नानघरात झटके येऊन पडली.

झोपेच्या या गोळ्यांची शरीराला सवय झालेली असताना त्या एकदम तोडल्या तर असे झटके येऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, आठवड्याआठवड्याने थोड्या थोड्या कमी कराव्या लागतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचेही तसेच. अचानक थांबवले तर दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम, बडबड सुरू होऊ शकते. म्हणजे ‘जप्ती’ हा उपचार तर नाहीच, जिवाशी खेळ आहे. हे वसतिगृहातल्या कोणालाही माहीत नव्हते, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

डॉक्टर भले भेटले. त्यांनी गोळ्या कमी करण्याचा तक्ता करून दिला आणि पहिले तीन आठवडे मुलीने आईजवळ राहावे, दर आठवड्याला दाखवायला यावे, असे सांगितले. आता प्रश्न रजेचा. हजेरी पंच्याहत्तर टक्के हवी, अंतर्गत परीक्षा तोंडावर. आम्ही महाविद्यालयात गेलो. तिथल्या एका प्राध्यापिकेने दार लोटून घेतले आणि अगदी कळवळून मला सांगितले, “खरं कारण लिहू नका हो. फाईलला लागलं की मुलीचं आयुष्य गेलं. अर्जात कावीळ लिहा.”

मी लिहिले. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, दहा वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्या बाईने कावीळ लिहिले, आणि मुलीने खाली सही केली. या लेखाचा राग त्या प्राध्यापिकेवर नाही. ती बिचारी त्या मुलीला वाचवतच होती. माझा राग आहे तो मुलीला वाचवायचे तर खोटेच बोलावे लागेल, अशी सोय करून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर. आणि थोडा आपल्यावरही आहे. तो का, ते पुढे सांगते.

मुलाला व्यसन, मुलीला कलंक

त्याच सुमारास दुसरे एक घर मी पाहत होते. मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला, दारू आणि गांजा. त्याच्यासाठी अर्जात काय लिहायचे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही. “पोरगं वाया चाललंय” हे सगळ्या गल्लीला माहीत होते. वडिलांनी मोसंबीच्या बागेवर उचल घेऊन त्याला एका खासगी केंद्रात ठेवले. त्याच वर्षी त्याच्या बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश रद्द झाला, कारण पैसे एकाच पोरासाठी पुरणार होते. मुलगा परत आला, दोन महिन्यांत पुन्हा सुरू झाला. मग आत्या-मावश्यांची बैठक बसली आणि रामबाण उपाय निघाला: “लग्न करून टाका. बायको आली की सुधारेल.”

मैत्रिणींनो, हा उपाय आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. आपल्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायकांमध्ये कितीजणी अशा ‘औषध’ म्हणून त्या घरात आलेल्या असतात! मुलाच्या व्यसनावर उपचार म्हणून परक्याची मुलगी, आणि मुलीच्या व्यसनावर उपचार म्हणून झटपट कोणाच्या तरी गळ्यात तिची गाठ. दोन्हीकडे गोळी एकच, लग्नाची. आणि ती गिळायची बाईनेच.

दोन्ही घरांत पैसा कमी होता, अज्ञान सारखेच होते. फरक एवढाच की मुलाचे व्यसन ही घरावर आलेली आपत्ती ठरली, मुलीचे व्यसन हा घराला लागलेला डाग ठरला. आपत्तीसाठी माणूस कर्ज काढतो. डाग मात्र झाकतो. म्हणून मुलगा उपचाराला जातो, वाईट का होईना. मुलगी जातच नाही. तिला कावीळ होते.

‘आमच्याकडच्या मुली तसल्या नाहीत’

हे वाक्य मी मुख्याध्यापकांकडून ऐकले, सरपंचांकडून ऐकले, आपल्याच एका शिबिरात कार्यकर्त्यांकडूनही ऐकले. तेव्हा थोडे आकडे पाहू.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दहा ते पंच्याहत्तर वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, असे त्यात आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांमध्ये १.६ टक्के. दर सतरा पुरुषांमागे एक बाई. टक्का लहान दिसतो, पण देशभरचा हिशेब केला तर त्या ऐंशी-नव्वद लाख बायका होतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे किती खाटा आहेत? आणि याच अहवालाने सांगितले की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत फक्त एकाला कसली तरी मदत मिळते, आणि १८० जणांत एकाला दाखल होऊन उपचार मिळतात. ही गत सगळ्यांची मिळून आहे. त्यात बाईचा नंबर कुठे लागत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

बरे, दारू सोडा. तंबाखूचे काय? २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या. साधारण सहा बायकांत एक. आपल्या मराठवाड्यात त्याचे नाव मिशरी. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी परसाकडे जाण्याआधी दाताला लावायची. त्या मुलीलाही दहाव्या वर्षी दात दुखत होता म्हणून आजीनेच मिशरी लावायला दिली होती. याला कोणी व्यसन म्हणत नाही, कारण ते घरातल्या घरात, चुलीपाशी, कामाच्या धबडग्यात होते. भूक मरते, थकवा कळत नाही, बाई पुन्हा कामाला लागते. घराला ते सोयीचे असते. जे व्यसन बाईला कामाला जुंपून ठेवते त्याला सवय म्हणायचे, आणि ज्या व्यसनाने तिचे काम थांबते त्याला बदफैली म्हणायचे, असा हा न्याय आहे!

झोपेच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांचेही तेच. त्यांना वास येत नाही, बाई झोकांड्या खात नाही, म्हणून त्या दिसत नाहीत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या २०१४ पासून ‘एच-१’ या परिशिष्टात आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकल्या तर डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. त्या मुलीने वर्षभर पाकिटे घेतली. तिचे नाव कोणत्या वहीत आहे? शिक्षा मात्र झाली ती तिलाच. दुकानदाराची झडती कोणी घेतली नाही.

शपथ झाली, पुढे काय?

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. महाविद्यालयांत रांगोळ्या निघतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली हात पुढे करून शपथ घेतात. १५ ऑगस्ट २०२० पासून ‘नशामुक्त भारत अभियान’ही सुरू झाले, त्याचे फलक लागले. माझा शपथेला विरोध नाही. पण ज्या दिवशी त्या मुलीने रांगेत उभे राहून शपथ घेतली त्या दिवशी तिच्या कंपासपेटीत दोन गोळ्या होत्या, हे तिनेच मला सांगितले. “मॅडम, हात पुढं केला तर तो कापत होता. मला वाटलं, आता कुणी तरी विचारील.” कोणी विचारले नाही. शपथ देणाऱ्यांना तिचा हात दिसला, हाताचे कापणे दिसले नाही.

‘व्यसन करू नका’ हे सांगणे आणि ‘व्यसन लागले असेल तर इकडे या’ हे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली महाविद्यालये पहिली गोष्ट वर्षातून एकदा वाजतगाजत करतात. दुसरी करतच नाहीत. उलट जी मुलगी आपणहून सांगेल तिला घरी पाठवतात. “शिस्तीचा प्रश्न आहे, इतर मुली बिघडतील.” मुलीला घरी पाठवणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली, आणि जालना जिल्हा त्या सरासरीच्या बराच वर आहे. इथे शिकणारी प्रत्येक मुलगी लग्नाची तारीख एकेका वर्षाने पुढे ढकलत शिकत असते. तिचे नाव पटावरून कमी झाले की दुसऱ्या महिन्यात मांडव पडतो. म्हणून मुलाला महाविद्यालयातून काढणे आणि मुलीला काढणे ही एकच शिक्षा नव्हे.

कायदा काय म्हणतो

कायदा आपल्या बाजूचा आहे. तो आपण वाचलेला नाही, एवढेच.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती या कायद्याने आजाराच्या व्याख्येतच घेतली आहे. म्हणजे व्यसनी मुलगी कायद्याच्या लेखी रुग्ण आहे आणि रुग्णाचे सगळे हक्क तिला आहेत. तिच्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी स्वतःच्या इच्छेने उपचारासाठी दाखल होत असेल, तर केंद्राला नातेवाइकाची हजेरी किंवा संमती मागता येत नाही. बापाची सही नको, नवऱ्याची नको! शिवाय आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण असावा, हे तिला साध्या कागदावर सही-अंगठ्याने लिहून ठेवता येते. तो प्रतिनिधी नात्यातला असला पाहिजे असे नाही. मैत्रीण चालते, शिक्षिका चालते, आपल्यासारखी कार्यकर्तीही चालते. बाईच्या पालकत्वाचा प्रश्न आपण किती वर्षे लढवतो आहोत! या कायद्यात त्याचे एक उत्तर कोपऱ्यात पडून आहे, ते आपण उचललेले नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कोणत्याही केंद्रात डोक्याचे केस जबरदस्तीने काढता येत नाहीत, सक्तीने काम करून घेता येत नाही, आणि मासिक पाळीच्या काळातल्या स्वच्छतेची साधने देणे, खासगीपणा जपणे बंधनकारक आहे. केंद्राची नोंदणीही लागते. ‘सुधारणा’ करण्याच्या नावाखाली मारझोड करणाऱ्यांना नोंदणीचा कागद मागा, निम्मा आवाज तिथेच खाली येतो. दोन, कायद्याने ठरवलेल्या किमान सेवा जिल्ह्यात सरकारने दिल्या नसतील तर रुग्णाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रात उपचार घेता येतात आणि तो खर्च सरकारने सोसायचा असतो.

“पण सांगितले तर पोलीस पकडतील” ही भीती मुलामुलींना असते. ती अगदीच खोटी नाही. गांजा किंवा गर्द यांचे सेवन हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पण त्याच कायद्याचे ६४-अ हे कलम सांगते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट टाकले तर ते काढून घेता येते. विकणारा आणि त्याच्या आहारी गेलेला यांत कायदाच फरक करतो. तो महाविद्यालयाने करू नये, असे का?

आणि अगदी अलीकडचे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका खटल्यात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता किमान एक तरी असला पाहिजे, आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक लावले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात शंभराखाली पट असलेले महाविद्यालय शोधून काढावे लागेल. मग हा समुपदेशक कुठे बसतो? त्याची खोली कोणती? विचारायला हवे.

तीनशे किलोमीटरवरचे दार

दार अजिबातच नाही, असे मी म्हणणार नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने. त्या वेळी गर्दने तरुण पोरे गिळायला सुरुवात केली होती. व्यसनी माणसाला प्रेमाने वागवून बरे करता येते, हे एका बाई-डॉक्टरने महाराष्ट्राला दाखवून दिले. पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही तिथे उभा राहिला. पण पुणे जालन्यापासून तीनशेच्या आसपास किलोमीटर. ज्या मुलीला वसतिगृहातून बाजारात जायला चिठ्ठी लागते, ती पुण्याला काय सांगून जाणार? एसटीचे तिकीट बायकांना २०२३ पासून अर्धे झाले आहे. विचारणाऱ्यांची तोंडे मात्र अर्धी झालेली नाहीत.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. त्यांत मराठवाड्याचे एकही नाही. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकार विभाग आला. आता त्या विभागात व्यसनी बायकांसाठी वेगळ्या खाटा असाव्यात, आणि बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून दोन दिवस दुपारनंतर चालावा, यासाठी आपण आजच बोलले पाहिजे. भिंती रंगवून झाल्यावर मागितले तर ‘तरतूद नाही’ हे उत्तर ठरलेले आहे.

आणि प्रत्येकीला दाखल व्हावेच लागते असेही नाही. पुष्कळांना आठवड्याला एक फेरी, योग्य औषध, बोलायला भरवशाचे माणूस आणि घरी एक समजूतदार जीव एवढे पुरते. म्हणजे शिक्षण चालू ठेवून उपचार होऊ शकतात. किंबहुना शिक्षण चालू राहणे हाच उपचाराचा भाग आहे. उठायला कारण, भेटायला मैत्रिणी, पुढे दिसणारी एखादी नोकरी. ज्या मुलीपासून हे सगळे काढून घेतले जाते ती कशाच्या आधारावर गोळी सोडणार?

आता आपल्याविषयी

वर म्हटले होते की थोडा राग आपल्यावरही आहे. तो असा.

दारूविरोधी लढा हा आपल्या चळवळीचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा. १९९२ मध्ये आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंट्याच्या बायका साक्षरता वर्गातून उठल्या आणि त्यांनी अरकाची दुकाने बंद पाडली. आपल्याकडे गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. पण या सगळ्या लढ्यांत आपण बाईला एकाच जागी उभे केले, पिणाऱ्याची बायको म्हणून. मार खाणारी, मोर्च्यात पुढे असणारी, डोळ्यांत पाणी आणि हातात लाटणे. स्वतः व्यसनात अडकलेली बाई या चित्रात बसत नाही. ती आली तर आपला मोर्चा अवघडतो.

मी आमच्याच सल्ला केंद्राचा अर्ज काढून पाहिला. वर्षानुवर्षे आम्ही तो भरतो. त्यात रकाना आहे: ‘पतीस व्यसन आहे काय? कोणते?’ ‘तुम्हाला स्वतःला?’ असा रकाना नाही. एवढ्या वर्षांत कोणाला तो सुचला नाही, मलाही नाही. मार खाऊन आलेल्या, रात्र-रात्र न झोपलेल्या बायकांना आम्ही कलम सांगितले, पोटगी सांगितली, पण ‘झोपेसाठी काही घेता का?’ हे विचारले नाही. रकाना घातला त्या महिन्यापासून बायका सांगू लागल्या. आधी मिशरी, मग हळूच गोळ्या, आणि दोघींनी खाली मान घालून दारू सांगितली. त्या आधीही येत होत्या. विचारले नव्हते आपण.

काही मैत्रिणी म्हणतील, “आधीच बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारे टपलेले आहेत. बायकाही व्यसन करतात हे आपणच म्हटले तर त्यांच्या हाती कोलीत.” ही भीती मला कळते. पण मग आपण आणि ते यांत फरक काय राहिला? निर्व्यसनी, सोशिक, स्वच्छ बाईलाच न्याय, हा तर त्यांचा नियम आहे. बाई निष्कलंक आहे म्हणून तिला हक्क, असे आपण कधी म्हटलेले नाही. ती माणूस आहे म्हणून हक्क. बलात्काराच्या प्रश्नावर आपण बाईच्या चारित्र्याची चौकशी नाकारायला शिकलो. तोच धडा इथे लावायचा आहे.

दुसऱ्या काही म्हणतील, “दारूबंदी केली की मूळच तुटेल.” चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ साली उठली. बंदी राहते, उठते, पुन्हा येते. ती मागण्याचा आपला हक्क आहेच. पण बंदीच्या दिवशीही ज्याचे हात थरथरतात त्याला डॉक्टर लागतो, आणि बंदी उठल्याच्या दिवशीही लागतो. शिवाय गोळ्या आणि मिशरीवर कोणती बाटली आडवी करणार?

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने जिला पापी ठरवले तिने तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, जीव वाचवावा आणि वाटल्यास मूल ठेवून जावे. आधी चारित्र्याचा दाखला आण, असे त्यांनी म्हटले नाही. बाईला लाजेपायी मरावे लागू नये, एवढा साधा विचार त्या दाराच्या मागे होता. आपण दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. तिच्या नावाने मुली शिकतात हे सांगतो. मग त्या शिकणाऱ्या मुलींपैकी एखादी पडली तर तिच्यासाठी तसे दार कुठे आहे?

आपण काय मागायचे

एक. प्रत्येक महाविद्यालयात प्रशिक्षित समुपदेशक, शक्यतो स्त्री. गणिताच्या सरांना जादा काम म्हणून नव्हे. तिची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून नसावी.

दोन. वैद्यकीय रजेसाठी ‘उपचार चालू आहेत, विश्रांतीची गरज आहे’ एवढा डॉक्टरचा दाखला पुरे. आजाराचे नाव लिहिण्याची सक्ती नको. उपचारातल्या दिवसांची हजेरी माफ आणि वसतिगृहातली जागा राखीव.

तीन. मदत मागितली म्हणून कोणालाही काढले जाणार नाही, हे नियमपत्रिकेत लेखी. विकणाऱ्यावर कारवाई जरूर करा. जप्ती करण्याआधी डॉक्टरला विचारा.

चार. जिल्हा रुग्णालयात आणि नव्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांसाठी वेगळ्या खाटा आणि सोयीच्या वेळा. औषध दुकानांच्या नोंदवह्यांची नियमित तपासणी.

पाच. आपल्या प्रत्येक सल्ला केंद्राच्या अर्जात तो रकाना. आजच. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही, पेन लागते.

तोवर निदान हे क्रमांक भिंतीवर लावा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे कोणी पाहत नसते, मुलगी निवांत लिहून घेऊ शकते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. गोळ्या सुटल्या, सुटायला तीन आठवडे नव्हे, चार महिने लागले. मध्ये एकदा पुन्हा घेतल्या. दोन विषय राहिले, ते ती परत देते आहे. मिशरी अजून सुटलेली नाही, आजीचीही नाही आणि हिचीही नाही. घरी एक स्थळ येऊन गेले. आई आमच्या बैठकीत बसून बसून तयार झालेली बाई. “पोरगी आजारी हाय, आता नाही,” असे सांगून तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावले.

हे सगळे लिहू का, असे मी मुलीला विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “लिहा. माझं नाव नका लिहू. पण मला कावीळ नव्हती, हे लिहा.”

वाचक गटांना विनंती अशी की पुढच्या अंकापर्यंत आपापल्या गावच्या महाविद्यालयात दोघी-तिघी मिळून जा. एकच प्रश्न विचारा: ‘इथल्या एखाद्या मुलीला व्यसन लागले आणि ते सोडायचे असेल, तर तिने कोणत्या खोलीत जायचे?’ जे उत्तर मिळेल ते जसेच्या तसे लिहून पाठवा. उत्तर मिळाले नाही, तर तसे पाठवा.